गोळी कोणाच्या हातची

सून घरात येऊन दोन दिवस झाले नव्हते, तेवढ्यात तिनं माझ्या हातातली गोळी घेतली.

हिसकावून घेतली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. संध्याकाळची बुद्धवंदना झाली होती, ताटं वाढली होती. मी रोजच्याप्रमाणे फडताळातला डबा काढला, पट्टीतून पोराची फिटची गोळी फोडली आणि त्याच्या हातावर ठेवायला वळले, तर ही पाण्याचा तांब्या घेऊन मध्येच उभी. "द्या आत्याबाई, मी देते," म्हणाली. आमच्याकडं सुना सासूला आत्याबाई म्हणतात. मी हो-नाही म्हणेपर्यंत तिनं माझ्या तळहातावरची गोळी दोन बोटांनी उचलली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि तिच्याकडं बघून हसला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही मेल्यानं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोडलेली भाकरी तशीच ताटात राहिली. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी माणसाच्या तोंडाकडं बघून त्याला कुठं उतरायचंय ते ओळखतात. हळूच म्हणाले, "झाली का तुझी बदली?"

"गप जेवा," म्हणलं मी.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोळीवरून एवढं काय? म्हणू द्या. ती गोळी माझ्या घरात कशी आली ते मला ठाऊक आहे. पोरगं दुसरीत होतं. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मास्तरणीचं पोरगं दुसरीकडं कुठं जाणार? पाढे चालू होते. ह्याचा आवाज मध्येच थांबला, डोळे वर गेले आणि सतरंजीवर आडवा झाला. हातपाय झटके खाऊ लागले, तोंडाला फेस आला. वर्गातली लेकरं भिंतीला चिकटून रडायला लागली. बाहेरून माणसं धावत आली. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चमचा घेऊन त्याचे दात उघडायला लागलं, कोणी म्हणालं चप्पल हुंगवा. मी शिकलेली बाई, लोकांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारी. पण त्या वेळी माझं शिक्षण कुठं गेलं कोण जाणे, त्याच्या नाकाला लावलेली चप्पल माझीच होती.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. झटका आला की कुशीवर झोपवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करायचं आणि झटका लांबला तर थेट दवाखाना गाठायचा. आणि गोळी. गोळी रोज, ठरल्या वेळी, सकाळ-संध्याकाळ. झटके थांबले म्हणून गोळी थांबवायची नाही. गोळी आहे म्हणून तर झटके थांबलेत. एकदम बंद केली तर झटके पहिल्यापेक्षा जोरात येतात. कुटून द्यायची नाही, अर्धी करायची नाही, कारण ती पोटात हळूहळू विरघळावी अशीच केलेली असते. दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी औषध घ्यायचं असलं तर आधी सांगायचं की ही गोळी चालू आहे, कारण काही औषधं हिच्याशी भांडतात. मी पाढ्यासारखं पाठ केलं. भावकीतल्या बायका सांगायला यायच्या की अमक्या ठिकाणी घेऊन जा, लिंबू उतरव. मी त्यांना दारातूनच चहा पाजून वाटेला लावायची.

तेव्हापासून गोळी माझ्या हातची. हे ड्युटीवर असायचे, त्यामुळं घरात मीच. लग्नाला जायचं असो की परभणीला नातलगांकडं, माझ्या पिशवीत आधी गोळ्यांची पट्टी, मग लुगडी. पोरगं मोठं झालं, शिवणकाम शिकलं, नरसीच्या रस्त्यावर त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, तरी गोळी माझ्याच हातून घ्यायचा. सकाळी त्याला घाई असायची, पण संध्याकाळी तो निवांत बसायचा. मी गोळी हातावर ठेवायची आणि विचारायची, "झोप नीट झाली का रे? डोकं जड न्हाई ना?" तो म्हणायचा, "न्हाई माय, बराबर हाय." रोजचं एवढंच बोलणं. पण ते माझं होतं.

आणि त्यात ही आली, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला.

खरं सांगायचं तर तिची काही फसवणूक झालेली नव्हती. हिंगोलीजवळच्या पुसेगावला मुलगी बघायला गेलो तेव्हा मीच भरल्या घरात सांगितलं, पोराला लहानपणी फिट यायची, गोळी चालू आहे, बरीच वर्षं झटका नाही, पण गोळी चालूच राहील. सोयरीक जुळवणाऱ्या माणसानं मला कोपरानं ढोसलं. मी म्हणलं, ढोसू नका, ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत नाही. तेव्हा ती पोरगीच बोलली, "वेळेवर घेतात ना पण?" त्या दिवशी मला ती फार आवडली. हे इथं लिहून ठेवते, कारण लग्नानंतर दोन महिने मला ते आठवलंच नाही.

त्या दोन महिन्यांत आमचं जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही. आवाज कोणाचाच चढला नाही. मी डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवायची, ती स्टुलावर चढून काढायची. मी जरा लवकर वंदना उरकायची, ती त्याच्याआधीच पाणी भरून ठेवायची. मग तिनं हिंगोलीहून सात खणांची एक प्लास्टिकची डबी आणली. रविवार, सोमवार अशी वर अक्षरं. दर आठवड्याला ती गोळ्या त्यात भरून ठेवायची. शेजारणी बघायला आल्या. "बाई बाई, किती हुशार पोरगी!" म्हणाल्या. मी जन्मभर पट्टीतून गोळी फोडून दिली, एकदाही चुकली नाही, तेव्हा एकीलाही माझी हुशारी दिसली नाही. प्लास्टिकचे खण दिसले. नाकापेक्षा मोती जड!

शेवटी ह्यांनीच मध्ये पडून वाटणी केली. "सकाळची गोळी तू दे, संध्याकाळची ती देईल. लावून टाकली ड्युटी." मला सांगा, हा काय न्याय झाला? सकाळी पोरगं एक पाय चपलेत घालून गोळी गिळणार आणि पळणार. संध्याकाळी मात्र ती दोघं आतल्या खोलीत गोळीच्या निमित्तानं बसणार, आणि हसण्याचा आवाज बाहेर येणार. मी बाहेर बाजेवर बसून कान देऊन ऐकायची. ऐकू काही यायचं नाही. तो माझ्यापाशी दोन शब्द बोलायचा आणि तिच्यापाशी तासभर काय बोलत असेल, ह्यानं माझा जीव जळायचा. सुनेचा हेवा करणाऱ्या बायकांना मी विहारात चार गोष्टी सुनवायची. आता मला कोणी सुनवणारं नव्हतं, हे एक बरं होतं.

मग आखाड आला.

नवी नवरी पहिल्या आखाडात सासरी राहत नाही, माहेरी जाते, अशी रीत आहे. आमच्या घरात ती पाळत नाहीत. मी स्वतः तीन पोरींच्या सासवांना समजावून त्यांच्या सुना सासरीच ठेवायला लावलेल्या आहेत. असल्या जुन्या गोष्टी सोडा, म्हणून. पण त्या वर्षी आखाड लागायच्या आधीच मी सुनेला म्हणलं, "तुझ्या मायला आठवण येत असल. जाय ना महिनाभर. पहिला आखाड हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आपल्यात पाळत न्हाईत ना, आत्याबाई?"

"आपण न्हाई पाळत. पण तुझ्या मायला वाटत असल की."

हे पेपर वाचत होते. पेपरामागून म्हणाले, "धम्मात आखाड कधीपासून आला?"

"तुमी पेपर वाचा."

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला. मी स्वतः तिच्या पिशवीत घरच्या तुरीची डाळ भरली, हळद बांधून दिली. तिला वाटलं असेल सासू किती प्रेमळ. गाडी वळणाआड गेली आणि मी फडताळातून डबा खाली काढला, पुसला आणि खालच्या फळीवर मांडला. त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर मी गोळी फोडून पोराच्या हातावर ठेवली. तो क्षणभर गोळीकडं बघत राहिला. मग गिळली. "झोप नीट झाली का रे?" "झाली माय." माझा जीव भांड्यात पडला. जेवणही चार घास जास्त गेलं.

पुढं आठवडाभर मी सुखात होते. त्यानंतर पोरगं बिघडायला लागलं.

सकाळी उठायचं नाही. उठलं की भिंतीला धरून चालायचं. जेवताना मान डुलायची. एकदा ताटावरून उठलं आणि मोरीत जाऊन ओकलं. मी विचारलं तर म्हणायचं, "काय न्हाई, पित्त झालं." दुकानातून एका गिऱ्हाइकाचा शर्ट परत आला, एक बाही उलटी लावलेली. माझ्या पोराचं शिवण असं कधी नव्हतं. मी दुकानात जाऊन बसले तेव्हा बघितलं, सुईत दोरा ओवायला घेतला आणि दोऱ्याचं टोक नेढ्याच्या शेजारून हवेतच पुढं सरकवलं. एक डोळा मिटला, तेव्हा कुठं ओवला गेला.

"काय करून राहिला रे?"

"दोन दिसून राहिल्या, माय. सुया."

आणि मला काय वाटलं असेल? सांगते. मला वाटलं, बायकोच्या आठवणीनं ह्याचं डोकं फिरलं! अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही, कामात लक्ष नाही, सगळं तसंच. वीस वर्षं मी सांभाळलेलं पोरगं, दोन महिन्यांच्या बायकोसाठी झुरायला लागलं. एवढी आग झाली माझी! मी गावाला गेले, दवाखान्यात पडले, तेव्हा ह्याची एक बाही उलटी लागली नव्हती. मी घरी येऊन ह्यांना म्हणलं, "बघा, मजनू झालाय तुमचा." हे हसले नाहीत. म्हणाले, "चौकात लोक दुसरंच बोलून राहिले."

लोक म्हणत होते की मास्तरणीचं पोरगं प्यायला लागलं. रस्त्यानं झोकांड्या खात जातं, बोलताना जीभ जड होते. मी मास्तरीण आहे, लोकांचं ऐकून घेणारी नाही, तरी त्या संध्याकाळी त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला. वास शेंगदाण्याच्या चटणीचा होता. मी रोजच्यासारखी गोळी दिली. त्यानं रोजच्यासारखी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दाराच्या पायरीवरून पडला. झटका नव्हता, झटका मला ओळखता येतो. शुद्धीवर होता, नुसता तोल गेला. कपाळ फुटलं. उठवून बसवलं तर डोळ्यांची बुबुळं सारखी हलत होती. ऑटो बोलावला. ऑटोत बसता बसता हे फोनवर कोणाशी तरी बोलले. मी म्हणलं, "तिला कशाला सांगता? उगी घाबरंल." हे म्हणाले, "तिचा नवरा हाय तो."

आम्ही हिंगोलीला दवाखान्यात पोचलो तर ती दारात उभी. पुसेगावहून आमच्या आधी! केस विंचरलेले नाहीत, पायात माहेरच्या कोणाच्या तरी मोठ्या चपला. पोरगं तिला बघून म्हणालं, "तू काहून आलीस?" आणि तिच्या खांद्यावर भार टाकून आत गेलं. दुसरा खांदा माझा होता. त्याच्यावर त्यानं नुसता हात ठेवला होता. हे माझ्या तेव्हाही लक्षात आलं.

डॉक्टरांनी बोट डोळ्यांपुढं फिरवलं, एका रेषेत चालायला लावलं, बोटानं नाकाला शिवायला लावलं. नाक सापडेना. मग विचारलं, "गोळी वेळेवर चालू आहे ना? चुकत नाही?"

"एक दिवस न्हाई चुकली," मी म्हणलं.

"एकदाही न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी दोघींकडं बघितलं. "संध्याकाळची गोळी कोण देतं?"

"मी," मी म्हणलं.

"मी," ती म्हणाली.

मी तिच्याकडं वळले. म्हणलं, "तू तर पुसेगावला होतीस!" तेव्हा सगळं बाहेर आलं. जाताना तिनं ती सात खणांची डबी भरून, पुढच्या दिवसांसाठी पट्ट्याही देऊन, त्याच्या दुकानात मशीनच्या खणात ठेवली होती. दुकान बंद करायच्या वेळेला रोज व्हिडिओ कॉल करायची. तो तिच्यासमोर गोळी घ्यायचा, तोंड उघडून दाखवायचा. मग घरी यायचा, वंदना व्हायची आणि मी माझी गोळी द्यायची. सकाळची माझी वेगळीच. संध्याकाळी रोज दोन गोळ्या जात होत्या, त्याही हळूहळू विरघळणाऱ्या. आदली पोटातून सरते न सरते तोवर पुढच्या दोन हजर. अंगात औषध साचत साचत डोक्यापर्यंत गेलं होतं.

डॉक्टर पोराला म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्हाला कळत नव्हतं दोन होतायत म्हणून?"

पोरगं खाली बघून म्हणालं, "कळत व्हतं."

"मग?"

"हिची न्हाई घेतली तर ही तिकडं रडत बसती. अन् मायला सांगितलं की घेऊन आलो, तर माय जेवत न्हाई."

हे खिडकीकडं बघत म्हणाले, "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, असं ऐकलं व्हतं. हा दोन्हीकडं जेवून मेला असता."

मला रडू आलं, आणि रडताना कोणी बघू नये म्हणून मी मोठ्यानं बोलले. म्हणलं, "डॉक्टर, बंदच करा ती गोळी चार-आठ दिवस. अंगातलं सगळं निघून जाऊ द्या." डॉक्टर एवढे चिडले की विचारू नका. "बाई, तुम्ही मला इतक्या वर्षांपासून ओळखता! एकदम बंद केली की आज पायरीवर पडलाय, उद्या झटक्यात पडेल. किती कमी करायची, कधी करायची, ते मी ठरवणार. तुम्ही नाही, ह्या नाहीत, मेडिकलवालाही नाही." रक्त तपासायला पाठवलं, त्यातलं औषध आणि ह्या गोळीनं घटतं ते मीठ, दोन्ही बघायला सांगितलं आणि दिवसभर ठेवून घेतलं. संध्याकाळी निघताना डॉक्टरांनी पट्टी पोराच्या हातात दिली. "इथून पुढं ह्याची गोळी हा स्वतः घेईल. तिसरा हात मध्ये नको."

परतताना ऑटोत मी, ती आणि मध्ये तो. नजर साफ झाली नव्हती, डोळे मिटून बसला होता. मी त्याच्या डोक्यावरून तिला म्हणलं, "व्हिडिओ कॉलवर गोळी देतं का कोणी?" ती म्हणाली, "आखाड पाळतं का कोणी?"

आखाड संपायची वाट न बघता ती आमच्याकडंच राहिली. पोरगं पंधरवड्यात खडखडीत झालं, सुई एकच दिसायला लागली. आता संध्याकाळी तो स्वतः उठायचा, स्वतः गोळी फोडायचा, स्वतः पाणी घ्यायचा. आम्ही दोघी ताटावर बसून बघायचो. तिचा हात तांब्याकडं जायचा आणि मागं यायचा. तिचंही गेलं, ह्याचं मला समाधान वाटायचं, खोटं का बोलू. पण ते पुरायचं नाही. तिच्याजवळ बोलायला त्याला गोळीचं निमित्त लागत नव्हतं. आतल्या खोलीतलं हसणं चालूच होतं. माझं मात्र "झोप नीट झाली का रे" विचारायचं निमित्तच गेलं. विचारलं तर तो म्हणायचा, "घेतली माय," म्हणजे गोळी घेतली. मी गोळीचं विचारतच नव्हते.

दिवाळीच्या सुमाराला माझ्या कमरेला नागीण निघाली. उजव्या बाजूनं पट्टा उठला, फोड आले, औषधानं सुकले. कातडी बरी झाली पण आतली नस बरी होईना. लुगड्याची गाठ लागली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. रात्री अंगावर चादर सहन व्हायची नाही. हिंगोलीचे तेच डॉक्टर म्हणाले, नसांच्या ह्या दुखण्याला साधी दुखण्याची गोळी चालत नाही, फिटवर देतात त्या जातीतली गोळी द्यावी लागेल. मी म्हणलं, "मग घरात हायेच की, पोराचीच घेते." डॉक्टरांनी हात जोडले. "कृपा करा. जात एक असली तरी गोळी वेगळी आहे. त्याची तुम्ही नाही घ्यायची, तुमची त्याला नाही द्यायची. कमी डोसनं सुरू करू. सुरुवातीला चक्कर येईल, झोप येईल, एकदम उठायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही."

सगळं पाठ होतं मला. तरी घेतल्यावर कळलं की पाठ असणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. दुसऱ्याच दिवशी सकाळी उठले तर खाटेचे पाय जमिनीत रुतल्यासारखे वाटले. शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तिथंच बसून राहायचा. पेपर समोर धरला, अक्षरं दिसत होती पण डोक्यात जायला नकार देत होती. मी भिंतीला टेकून बसले आणि रागानं डोळ्यात पाणी आलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाचायला शिकवलेली बाई मी.

सून भाजी निवडत होती. तिनं भाजी ठेवली आणि जवळ येऊन बसली. "आत्याबाई, चक्कर येऊन राहिली का? लगेच उठू नका. थोड्या दिवसांनी कमी व्हते. यांना बी असंच व्हायचं."

"कोणाला?"

"यांना. लहानपणी, गोळी नवीन चालू झाली तेव्हा. शाळेत बसलं की फळ्यावरची अक्षरं लांब जायची म्हणे. पाढा तोंडात यायचा पण बाहेर यायचा न्हाई. वाटायचं सगळी पोरं आपल्याला हसून राहिली. म्हणून ते मागच्या रांगेत बसायचे."

त्या फळ्यावर लिहिणारी मीच होते. तो मागच्या रांगेत जाऊन बसला तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर त्याला आळशी म्हणले होते, हे मला तिथल्या तिथं आठवलं. पण त्याआधी, खरं सांगते, दुसरंच काही तरी पोटात उठलं. नागीण बरी म्हणावी असं.

"तुला कोण सांगितलं हे?"

"त्यांनीच." ती घाबरली. "तुमाला म्हाईत असल वाटलं मला."

मला माहीत नव्हतं. मी रोज विचारायची, डोकं जड नाही ना? तो रोज म्हणायचा, नाही माय, बराबर आहे. गोळी माझ्या हातची होती आणि ती पोटात गेल्यावर काय व्हायचं ते त्यानं हिला सांगितलं, लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही तर. मला वाटलं हिला म्हणावं, जा, भाजी निवड जा. तोंड उघडलंही होतं मी. शब्द नेहमीसारखा येऊन अडकला. ती उठायला लागली, तसा मी तिचा हात धरला.

"बस," म्हणलं मी. "आणखी काय काय सांगितलं त्यानं तुला?"

ती बसली. आणि माझ्या पोराबद्दल मला सांगू लागली.